अंधारातला संतोष कोणाचा?



संतोष हे भक्ताचे भूषण, असे आपण नित्य ऐकतो आणि दुसऱ्यास सांगतोही. परंतु तो संतोष कोणी धरावयाचा आणि कोणाच्या कष्टावर, याचा विचार क्वचितच होतो. आज तो एका अगदी घरगुती गोष्टीच्या आधाराने करू. ती गोष्ट म्हणजे वीज जाणे.

सज्जनहो, हसू नका. दिवेलागण झाली आहे, घरची मंडळी हरिपाठाला बसण्याच्या बेतात आहेत, आणि कोणीतरी ओरडते, "गेली बघा लाईट!" वाटण मिक्सरात अर्धेच राहिले, टाकी रिकामी, दळणाचा डबा गिरणीत अडकला, मुलाची उद्या परीक्षा. मग राग येतो. पण ज्याने वीज बंद केली तो दूर कोठेतरी उपकेंद्रात बसलेला. तो हाती लागत नाही, म्हणून सासूबाईंचा राग सुनेवर, सुनेचा पोरावर, आणि सर्वांचा मिळून वायरमनवर. हा वायरमन भर पावसात रात्रीचा खांबावर चढतो, हे त्या वेळी कोणास आठवते?

वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. बॅटरीत किंवा उंचावरच्या तलावात थोडीबहुत राखता येते इतकेच. एरवी ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. मागणी फार वाढली आणि निर्मिती पुरी पडली नाही, की सेकंदाला ५० आवर्तनांची तिची गती मंदावते. तशा वेळी कोठेतरी पुरवठा तोडला नाही तर सगळी यंत्रणाच कोसळण्याचे भय असते. २०१२ साली ३० आणि ३१ जुलैला उत्तर भारतात असे घडले. दुसऱ्या दिवशी तर सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलुखात अंधार झाला. तेव्हा ठरवून केलेले भारनियमन हा नुसता खोडसाळपणा नव्हे. एकाच्या अंधारावर दुसऱ्याचा दिवा तगतो, असा तो व्यवहार आहे.

पण अंधार कोणाच्या वाट्याला जातो? २००५ नंतरची वर्षे ज्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत काढली त्यांना सांगावयास नको. तेथे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. शहरांत ते तास कमी, आणि मुंबई बहुतांशी सुटलेली. पुढे हे मान पुष्कळ उतरले, तरी एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने भारनियमन पुन्हा डोकावलेच. शेतीच्या मोटारीला तर अजूनही अनेक ठिकाणी पाळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. दिवसा मिळावी म्हणून सौरविजेची योजना २०१७ पासून चालू आहे, परंतु ती सर्वांपर्यंत अद्याप पोचलेली नाही. कडाक्याच्या थंडीत, विंचू-सापाच्या भयात, बॅटरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्या माळकऱ्याला, इन्व्हर्टरच्या पंख्याखाली बसून "प्रारब्ध म्हणा आणि नाम घ्या" असे सांगणारे प्रवचनकार आम्ही ऐकले आहेत. हा उपदेश आम्हास मान्य नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळ्याला पाणी देण्यातच विठ्ठल पाहिला. त्या पाण्यासाठी तळमळणाऱ्याला असंतोषी कोणत्या तोंडाने म्हणावे?

नाथमहाराजांची कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. काशीची कावड रामेश्वरी नेताना वाळवंटात तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा त्यांनी त्याला वैराग्याचा बोध केला नाही. कावड त्याच्या मुखात रिती केली. आपल्या वाट्याच्या अडचणीत संतोष धरावा आणि दुसऱ्याच्या अडचणीत असंतोष. आम्ही बहुधा याच्या उलट वागतो.

त्याच भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील गावांसाठी अक्षय प्रकाश नावाची योजना निघाली होती. संध्याकाळच्या वेळी गावाने शेतीच्या मोटारी, शेगड्या, गिरणी आपण होऊन बंद ठेवावयाच्या, आणि त्याबदली घराघरात दिव्यापुरती वीज टिकावयाची. एकाने जरी चोरून मोटार लावली तरी भार वाढे आणि साऱ्या गावाचा दिवा धोक्यात येई. म्हणून गावकऱ्यांनाच एकमेकांवर लक्ष ठेवावे लागे. आमच्या मते पुष्कळ कीर्तनांनी जे साधत नाही ते अशा एका संध्याकाळी साधावे!

आता थोडे कडू बोलतो. घरी वीज गेली की वीज कचेरीच्या नावाने बोटे मोडणारे आम्हीच, गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात मंडपाच्या माळा खांबावर आकडा टाकून पेटवितो. देवाचे कार्य आहे, कोण विचारतो? अहो, त्या डीपीवर आधीच भार जास्त. ती जळाली म्हणजे आठ आठ दिवस पिठाची गिरणी बंद, आणि पाणी शेंदून आयाबहिणींचे हात सोलतात. कार्यक्रमापुरती जोडणी अर्ज करून, रीतसर पैसे भरून मिळते. यंदाच्या सप्ताहाच्या बैठकीत वर्गणी आणि पंगती ठरतील तेव्हाच हा अर्जही लिहावा. त्याच वेळी, शेतीला दिवसा वीज मिळावी असा दुसरा अर्ज साऱ्या गावाच्या सह्यांनिशी करावा, आणि त्यावर पहिली सही विणेकऱ्याची असावी.