सुर्मा, सुन्नत आणि शिसे

बाळाला न्हाऊ घालून त्याच्या डोळ्यांत सुर्मा घालण्याची रीत मराठवाड्यातील मुस्लिम घरांत जुनी आहे. लेकराचे डोळे तेजस्वी व्हावेत आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सुन्नतीचे पालन घडावे, या दोन्ही भावना त्यामागे असतात आणि दोन्ही निर्मळ आहेत. प्रश्न डबीतल्या भुकटीचा आहे. हेतू निर्मळ असला म्हणजे वस्तू पारखण्याची जबाबदारी संपते काय?

हदीस-ग्रंथांत ‘इस्मिद’ नावाच्या सुर्म्याची शिफारस आढळते. इस्मिद म्हणजे अँटिमनी या धातूचे खनिज, असा अर्थ सर्वसाधारणपणे केला जातो. बाजारात सुर्मा म्हणून विकला जाणारा काळा, चकाकता दगड मात्र पुष्कळदा गॅलेना असतो, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. कुटून वस्त्रगाळ केल्यावर हा कोणता आणि तो कोणता, हे डोळ्यांना ओळखता येत नाही. मूल डोळे चोळते, तोच हात तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या शरीरात जितके शोषले जाते, त्याच्या चार-पाच पट मुलांच्या शरीरात शोषले जाते. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानतच नाही.

“आमच्या आजीने आम्हा सर्वांना घातला, कोणाला काय झाले?” असे विचारले जाते. शिशाचे विष ताप किंवा पुरळ घेऊन येत नाही. मूल फिकट पडते, चिडचिडे होते, अभ्यासात मागे राहते. मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात, घरचे नशिबाला दोष देतात, सुर्म्याच्या डबीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. काहीच झाले नाही, हे ठरवले तरी कोणी आणि कशावरून?

हेतूविषयीची हदीस इमाम बुखारींच्या संग्रहात पहिलीच आहे आणि तिचा आधार आपण फार लवकर घेतो. इमाम गझाली (र.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये तिची मर्यादा दाखवून दिली आहे. चांगल्या हेतूने गुनाहचे रूप पालटत नाही, आणि ज्ञान मिळवणे कर्तव्य असल्यामुळे अज्ञानाची सबबही सहजासहजी चालत नाही. शिवाय सुर्मा फर्ज नाही. संशयित वस्तू सोडून निःसंशय वस्तूकडे वळण्याची शिकवण प्रेषितांनीच (स.) दिली. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत संशयित सुर्मा न घालणारी आई सुन्नत मोडत नाही.

खरा भार विक्रेत्यावर आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. ते खरेही असेल. तरीही ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा प्रश्न त्याला झालाच. पाऊस त्याने पाडला नव्हता, ओल मात्र त्याने झाकली होती. सुर्मेवाला म्हणतो, मी तर मुंबईहून पुडे आणतो. ठीक. मग आत काय आहे हे ठाऊक नसताना ‘अस्सल मदनी इस्मिद’ असे ओरडून तो कशाच्या भरवशावर विकतो?

हीच गोष्ट गोरेपणाच्या क्रीमची. अकोल्यातील एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे 2023 मध्ये उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार अशा क्रीममध्ये पाऱ्याची संयुगे वापरण्यास बंदी आहे, आणि प्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यासही. तरीही बिननावाच्या डब्या विकल्या जातात, कारण गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक आहे, कारण स्थळ पाहायला आलेली माणसे आधी मुलीचा रंग पाहतात. त्या पाहणाऱ्यांचा या पाऱ्यात वाटा नाही, असे मला म्हणवत नाही.

घरात अशी डबी असेल तर ती दुसऱ्याला देऊ नये, विहिरीत किंवा शेतातही टाकू नये. घट्ट बंद करून मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. वर्षानुवर्षे सुर्मा घातलेले मूल फिकट वाटत असेल, तर डॉक्टरांना सुर्म्याचे नाव घेऊन सांगावे आणि रक्तातील शिशाची तपासणी करता येईल का, ते विचारावे.