विसरलेल्या माणसाचा दोष कोणता?

वाचकहो, तुमच्या घरी म्हातारे माणूस असेल तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही उंबऱ्याशी येईल.

माझ्या आज्जीने १९५७ साली, नवी सून असताना, सासरच्या देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने पंचगंगेत सोडले. आज ८५व्या वर्षी ती पहाटे उठून जोतिबाच्या डोंगराला निघते आणि ‘चांगभलं’ म्हणते. थोरले चुलते संतापले. “म्हातारीनं बावीस प्रतिज्ञा मोडल्या,” म्हणाले, आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

रागावण्याआधी तिच्या डोक्यात काय घडते आहे ते पाहा. वय झाले की प्रत्येकाचाच मेंदू थोडा आक्रसतो. नाव चटकन सुचत नाही, मागाहून आठवते. तो आजार नव्हे. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अल्झायमर. त्यात मेंदूच्या पेशींबाहेर एका प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत दुसऱ्याचा गुंता होतो आणि पेशी मरत जातात. नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी बिघडतो. म्हणून सकाळचे जेवण पुसले जाते आणि बालपण उरते. आज्जी १९५७ च्या अलीकडची राहिलेली नाही, पलीकडे गेली आहे.

अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात ६७८ वृद्ध ख्रिस्ती नन सहभागी झाल्या. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा काहींच्या मेंदूत हे थर भरपूर निघाले, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती! असा फरक पडण्याचे एक कारण शिक्षण मानतात. शिकलेला मेंदू झीज अधिक काळ सोसतो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच करवीरात माझी आज्जी शाळेवाचून राहिली, हे मी शिक्षक म्हणून कुणाला सांगू?

आता धम्माचे. बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. विनयपिटकात गग्ग नावाच्या भ्रमिष्ट भिक्खूची हकीकत आहे. त्याला उपोसथ कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाने त्याला हाकलले नाही. गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, उपोसथ करावा, असा रीतसर ठराव केला.

हे मी चुलत्यांना वाचून दाखवले. ते गप्प राहिले. मग मी त्यांना एक गोष्ट दाखवली. ‘चांगभलं’ त्यांना ऐकू आले होते, पण हे दिसले नव्हते. आज्जी पाणी मागते तेव्हा दाराबाहेर उकिडवी बसते आणि ओंजळ पुढे करते, वरून कोणीतरी ओतेल म्हणून.

आता चुलते तिला हाताला धरून आत आणतात, पेला देतात. ती ओंजळ करते. ते बोटे सोडवून पेला हातात ठेवतात. रोज.