हक्कसोडपत्रावरील सही

घरचा कर्ता पुरुष निवर्तला, दिवसवार पार पडले, पै-पाहुणे परतले, म्हणजे आपल्या समाजातील पुष्कळ घरांत एका कागदाची भाषा सुरू होते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. ‘ताई, एवढी सही करून जा, उतारा नावावर करून घ्यावयाचा आहे,’ असे भाऊ म्हणतो. ताई नोंदणी कचेरीत येते, दाखविलेल्या जागी सही करते, अंगठा उमटविते. तिला साडीचोळी होते, आणि वडिलांच्या शेताघरावरील तिचा हक्क कायमचा संपतो. यात कोणी दांडगाई करतो असे नव्हे. बहुधा सर्वांच्या डोळ्यांत पाणीच असते. म्हणूनच या सहीचा नैतिक विचार कोणी करीत नाही. तो करावा, अशी सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. हिंदू वारसा कायदा 1956 चा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी, मुलगे व मुली यांचा हिस्सा त्या कायद्याने सारखाच ठरविला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. 1994 साली कर्नाटकाने तो मुलीसही दिला. परंतु ज्यांचे विवाह आधीच झाले होते, त्यांस वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद उरला नाही, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. जन्मतः हक्क ही कल्पनाही कोठून परक्या मुलुखातून आलेली नाही. आज कर्नाटकात असलेल्या कल्याणी नगरीत चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तिचाच हा सिद्धांत. त्याने जो हक्क मुलांपुरता मानला, तो कायद्याने मुलींपर्यंत नेला, इतकेच.

आता मूळ प्रश्न. कायद्याने दिलेले आपखुशीने सोडले, तर त्यात अनैतिक ते काय? काहीच नाही. सुस्थितीतील बहिणीने कष्टाळू भावासाठी आपला हिस्सा सोडावा, ही थोर गोष्ट आहे. परंतु त्याग म्हणावयाचा, तर आपण काय सोडतो हे त्यागणाऱ्यास ठाऊक हवे, आणि न सोडण्याची मुभाही हवी. जमीन किती, घराची आजची किंमत काय, हे किती बहिणींस सही करण्यापूर्वी सांगितले जाते? आणि ती ‘विचार करून सांगते’ एवढेच म्हणाली, तर पुढच्या भाऊबिजेला तिचे ताट त्याच मायेने मांडले जाईल काय? नकाराचे मोल जर माहेर असेल, तर त्या सहीस त्याग म्हणणे आम्हांस जड जाते. ते तिने माहेरासाठी मोजलेले मोल आहे.

भावांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. गावी राहिलेल्या मुलाने आईवडिलांची दुखणी काढली, रात्री जागविल्या, सोसायटीचे कर्ज फेडले, बाहेरगावची नोकरी नाकारली. त्याच्या पत्नीने सासूचे अंथरुणातले सारे केले. तिचे नाव तर कोणत्याच कागदावर नसते. अशा मुलास बरोबरीचाच वाटा मिळाला, तर त्यास अन्याय वाटणे स्वाभाविक आहे. लग्नाच्या खर्चात बहिणीचा हिस्सा फिटला, हा नेहमीचा युक्तिवाद मात्र आम्हांस पटत नाही. लग्न मुलाचेही झालेले असते.

मग हे माप कोणी करावयाचे? भावाने स्वतःपुरते केले तर तो स्वार्थ ठरतो, बहिणीने केले तर हाव ठरते. ते करण्याचा अधिकार ज्याच्यापाशी होता, तो काही न बोलता गेलेला असतो, आणि त्याच्या मौनाचा भार लेकीच्या सहीवर येऊन पडतो. ‘माझ्या मागे मुले बघून घेतील’ या उद्गारास आपण विरक्ती समजतो. आम्हांस ती विरक्ती वाटत नाही.

बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद कथा-कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकला आहे. धनाने अमृतत्व मिळेल काय, हा मैत्रेयीचा प्रश्न सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु तो प्रश्न निघाला कशातून? घर सोडून जाण्यापूर्वी आपल्या दोन्ही पत्नींमध्ये मिळकतीची व्यवस्था लावावी, असे याज्ञवल्क्याने म्हटले, त्यातून. सर्वसंगपरित्यागास निघालेल्या ऋषीने आधी वाटणीची गोष्ट काढली, आणि तीही हयातीत, जिला द्यावयाचे तिच्यासमोर. (कात्यायनीस तिच्या वाट्याबद्दल काय वाटले, हे कोणी विचारीत नाही, तो विषय निराळा.) त्याच नावाने चालणाऱ्या स्मृतीतही पित्याने जिवंतपणी विभाग करण्याची तरतूद आहे, आणि मुलांस समान वाटे देताना ज्या पत्नींस स्त्रीधन मिळालेले नाही त्यांसही तितकाच वाटा द्यावा, असे सांगितले आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी घाटाखाली गोव्यात दिल्या आहेत. तेथील रीत पाहण्याजोगी आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तेथे मुलगा-मुलगी समान वारस आहेत, आणि मुले असता बापास आपल्या मिळकतीपैकी निम्म्याहून अधिक मृत्युपत्राने इतरत्र देता येत नाही. 2016 पासून अमलात आलेल्या नव्या वारसा कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. तरी हक्कसोडीचे कागद तेथेही होतातच. इकडे तर आपल्या स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र हवे तसे करण्याची मोकळीक बापास आहे. इतके स्वातंत्र्य असताना त्याने गप्प बसावे, याचे आम्हांस नवल वाटते.

वाटे समान असलेच पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. सेवा करणाऱ्यास अधिक द्यावे, अडचणीत असलेल्या लेकीस अधिक द्यावे. परंतु ते स्वतः, शुद्धीत असताना, सर्व मुलांस एकत्र बसवून, कारणासह सांगावे आणि मग लिहावे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. बँकेत वारसदार म्हणून थोरल्याचे नाव घातले म्हणजे पैसा त्याचा झाला, हाही भ्रम आहे. असा माणूस रक्कम स्वीकारतो ती सर्व वारसांच्या वतीने. सर्वस्व हयातीतच लिहून देण्याची घाई मात्र करू नये. पत्नीच्या राहण्याची सोय प्रथम पाहावी. बक्षीसपत्र करावयाचेच झाले, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. ती मोडली गेल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येते.

आतापर्यंत बापाविषयी लिहिले; आईची गोष्ट राहिली. 1956 च्या कायद्याने स्त्रीची मिळकत सर्वस्वी तिची झाली, आणि तिचे मृत्युपत्र करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तरीही आपल्या घरांत आईने केलेले मृत्युपत्र क्वचितच पाहावयास मिळते. वास्तविक तिची वाटणी मनात केव्हाच झालेली असते: पाटल्या थोरल्या सुनेस, बोरमाळ लेकीस, मोहनमाळ नातीच्या लग्नात. दुपारी स्वयंपाकघर आवरून झाले की ती हे दहा वेळा बोलून दाखविते, आणि ऐकणारे ‘आई, आत्ताच कशाला हे?’ म्हणून विषय बदलतात. त्याऐवजी कोणी तरी कागद घेऊन तिच्याजवळ बसावे, आणि शेजारच्या दोघांना साक्षीस बोलवावे.