दोघे दोघे धाडलेले

शास्त्रपाठ : लूक १०:१–१२, प्रेषितांची कृत्ये १८:२४–२८



आमच्या मंडळीतील एक तरुण शिक्षणासाठी इंग्लंडातील लीड्स शहरी गेला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून आईने त्याला शिकविले. निघण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही त्याला पुढे बोलाविले, त्याच्यासाठी प्रार्थना केली, हार घातला, फोटो काढला. त्यानंतर चार महिने आम्हांपैकी एकानेही त्याची विचारपूस केली नाही. हे लिहिताना आमची मान खाली जाते, परंतु खरे ते सांगितलेच पाहिजे.

एके दिवशी त्याने आईला मोबाइलवर लांबलचक मजकूर धाडला व तिने तो आम्हांस वाचावयास दिला. पावसाच्या एका संध्याकाळी त्याच्या दारावर दोन तरुण उभे होते. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. एक अमेरिकेतील युटाचा, दुसरा ब्राझीलचा. दोघेही विशीच्या आतबाहेरचे. ते मॉर्मन पंथाचे मिशनरी होते. याने चहा पुढे केला तेव्हा त्यांनी नम्रपणे नको म्हणून पाणी मागितले, कारण त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य आहे. त्यांनी त्याला गावाचे नाव विचारले. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा पहिला प्रश्न होता, “निपाणीला आई कशी आहे?” त्या मजकुराच्या शेवटी तो लिहितो, “आई, इथे आल्यापासून तुझी चौकशी करणारे हे पहिलेच.”

आईला भीती वाटली, व ती रास्त होती. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत स्थापिलेला हा पंथ पवित्र शास्त्राबरोबर आणखी एक ग्रंथ शास्त्र म्हणून मानितो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांविषयीचे त्याचे शिक्षणही मंडळीच्या प्राचीन विश्वासांगीकारापासून वेगळे आहे. हा फरक लहान नाही व तो झाकून ठेवण्यात प्रीती नाही. तथापि पंथ चुकतो एवढे म्हणून आमची चूक पुसली जाते काय? ती रिकामी जागा त्यांनी केली नव्हती. ती आम्हीच मोकळी सोडली होती.

या तरुण मिशनऱ्यांचा दिवस कसा जातो ते पाहू या. मुलगे दोन वर्षांसाठी जातात. पुष्कळांचा खर्च ते स्वतः किंवा त्यांचे कुटुंब सोसते. कोठे जायचे हे त्यांच्या हाती नसते. नेमणूक येईल तिकडे जावे लागते. सकाळी साधारण साडेसहाला उठणे, व्यायाम, प्रार्थना, अभ्यास, भाषेची उजळणी, मग दिवसभर भेटीगाठी, व रात्री नऊच्या सुमारास परत. सोबती सदैव बरोबर. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व घरी बोलणे यासाठी असतो. २०१९ पर्यंत घरच्यांशी फोनवर बोलण्याची मुभा वर्षातून एकदोनदाच असे. कित्येक दारे तोंडावर बंद होतात आणि उद्या पुन्हा तोच रस्ता धरावयाचा असतो.

आता आपल्याच मातीकडे वळू या. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावच्या छावणीत आले. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरास आले. १८८९ साली कॅनडाचे विल्यम वॉनलेस हे २४ वर्षांचे डॉक्टर सांगलीस आले; पुढे मिरजेस त्यांनी जे रुग्णालय उभारले त्याच्या दारात आपल्या सीमाभागातील किती घरांनी आपले दुखणे नेले हे वडीलधाऱ्यांस विचारा. यांना आपण आज थोर म्हणतो. पण पहिल्या दिवशी तेही परक्या मुलखात उतरलेले पाहुणेच होते. पंडितापुढे बसून बाराखडी गिरविणे, ‘ळ’ चुकला की शेजारपाजारच्या मुलांनी हसणे, उन्हातान्हातून बैलगाडीने पुढचे गाव गाठणे, आणि घरच्या पत्राची महिनेन् महिने वाट पाहणे, हेच त्या काळच्या मिशनऱ्यांचे दिवस. लंडनहून निघालेली वाट बेळगावास आली. आज बेळगाव-निपाणीची मुले लंडन-लीड्सला जातात. वाट तीच आहे. केवळ पावलांची दिशा फिरली.

प्रभूने शिष्यांना धाडले तेव्हा दोघे दोघे धाडले. यातून आपण तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली, सोबत. एकटा माणूस थकतो, मोहात पडतो, रडतो व कोणाला सांगत नाही. आपण मात्र आपल्या मुलांना पुणे, बेंगळूर, आखात येथे एकेकटे धाडितो व प्रार्थना करून मोकळे होतो.

दुसरी, भाषा. परदेशी मनुष्याने आपल्यासाठी मराठी घोकली. आपण बेळगावात जन्मलो, वाढलो, आणि शेजारच्या कानडी बहिणीला तिच्या बोलीत “जेवलीस का?” एवढेही विचारू शकत नाही! १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आपल्या मनात सलतो. मराठीवर प्रेम करणे पाप नव्हे, न्याय मागणेही पाप नव्हे. परंतु दोन भाषांच्या उपासना एकाच आवारात होत असता दारात एकमेकांना ओलांडून जाणे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

तिसरी, नेम. उत्साह सभेपुरता टिकतो, पण नेम वर्षभर चालतो. त्या मुलांना निपाणीची आई आठवली, कारण भेटीला जाणे हे त्यांचे रोजचे काम होते.

मग त्या तरुणाचे काय झाले? आमच्यातील काहींचे म्हणणे होते की त्याला कडक पत्र लिहावे. तेव्हा आमच्या एका संडेस्कूल शिक्षिकेने अपुल्लोची आठवण दिली. त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला सभेत लाजविले नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. ती शिक्षिका व तिचे पती आता दर शनिवारी त्याला फोन करतात. आधी जेवणखाणाचे विचारतात, मग वचन उघडतात. तो अवघड प्रश्न विचारतो. कित्येकदा त्यांना उत्तर येत नाही, तेव्हा ते पाळकांना विचारून पुढच्या शनिवारी सांगतात. त्या दोन तरुणांशी त्याची मैत्री अद्याप आहे, व तिचा आम्हांस आता राग येत नाही.

संडेस्कूल शिक्षकहो, या महिन्यात एक वही करा. गाव सोडून गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव त्यात लिहा, आणि प्रत्येक नावापुढे मंडळीतील दोघांची नावे लिहा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तेथे आपले स्वतःचे नाव घाला.

हे पिकाच्या धन्या, आम्ही दूर देशांसाठी प्रार्थना केली आणि आपल्याच लेकरांना विसरलो, याची आम्हांस क्षमा कर. आम्हांस दोघे दोघे करून धाड. आमेन.