मागे राहिलेला

आसनगावच्या फलाटावर पहाटेच्या लोकलची वाट पाहत उभे राहणाऱ्यांत मीही एक आहे. कसाऱ्याकडून गाडी येते, आम्ही आत शिरतो, आणि मुंबईपर्यंतच्या सुमारे दोन तासांच्या प्रवासात पगार, परीक्षा व राजकारण ह्यांची यथासांग चर्चा होते. जाणाऱ्यांविषयी पुष्कळ बोलले जाते. मागे राहणाऱ्याविषयी कोणी बोलत नाही. माझ्या घरी मागे राहतो तो मोती नावाचा एक कुत्रा. मुलाने हौसेने आणला. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला, आणि त्याची हौस माझे कर्तव्य होऊन बसली.

मोती दिवसभर भुंकतो, अशी तक्रार शेजारच्या आप्पांनी केली तेव्हा मी सुशिक्षित मनुष्यास साजेल अशा रीतीने उपाय शोधावयास लागलो. रबरी खेळण्याच्या पोकळीत दहीभात भरून ठेवला. भाकरीचे तुकडे खोलीच्या कानाकोपऱ्यांत लपविले. निघण्यापूर्वी त्यास माहुलीच्या दिशेच्या रस्त्याने अर्धा तास हिंडवून आणू लागलो. उपाय लागू पडले. भुंकणे निम्म्यावर आले. परंतु माझ्या मनास एक शंका टोचू लागली : हे सारे मी मोतीसाठी करीत होतो, की तो गप्प राहावा म्हणून?

जनावरास कंटाळा येतो ही कल्पनाच कित्येकांस हास्यास्पद वाटते. देकार्त ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने जनावरांस यंत्रांच्या पंक्तीस बसविले होते. पुढे १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेंथॅमने प्रश्नच फिरविला. जनावरास विचार करता येतो की नाही हे पाहू नका, त्यास दुःख होते की नाही हे पाहा, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडील १९६० चा प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदाही नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडविले-फिरविले नाही, तर तो मालकाचा अपराध समजतो. म्हणजे केवळ पोट भरले की ऋण फिटले, असे कायद्यासही वाटत नाही.

आमच्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवरची कुत्री पाहावीत. त्यांस कोणी खेळणी देत नाही. परंतु ती गुरांमागे रानात जातात, परक्याची चाहूल लागताच गावास जागे करतात, आणि दमून अंगणात निजतात. त्यांस खरूज होते, उपासही घडतो. त्यांचे जिणे सुखाचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांस उद्योग आहे. कुत्रा निदान चौदा हजार वर्षे मनुष्याच्या सोबतीस आहे, आणि तो आला तो कामासाठी व सहवासासाठी. आपण त्याचे काम काढून घेतले, सहवास आठवड्याच्या सुटीवर नेऊन ठेवला, आणि उरलेल्या पोकळीस ‘करमणूक’ हे नाव दिले. लपविलेली भाकरी नाकाने हुडकण्यात मोतीस आनंद होतो, कारण त्याचा उद्योग त्यास अंशतः परत मिळतो. ही फसवणूक नव्हे. परंतु सहवासाची उणीव दहीभाताने भरून निघत नाही.

हा विचार इतका सरळ चालला असता आप्पांनी त्यास एक धक्का दिला. एका सायंकाळी ते म्हणाले, “मास्तर, जाताना त्याच्यासाठी रेडिओ लावून जात जा. माझा मुलगा माझ्यासाठी लावून जातो. बरं वाटतं.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला उत्तर सुचेना. त्यांचा मुलगा माझ्याच गाडीने जातो.

धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, ही महाप्रस्थानाची कथा मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. आम्ही तर स्वर्गाहून पुष्कळच लहान वस्तूसाठी त्यास दाराआड ठेवून जातो. तथापि त्या लहान वस्तूवरच त्याची भाकरी व आप्पांची औषधे अवलंबून आहेत, हेही तितकेच खरे. नोकरी सोडा असा उपदेश करणे सोपे. तो करणाऱ्याने प्रथम स्वतः सोडून दाखवावी. तेव्हा जे देणे शक्यच नाही त्याबद्दल मनुष्यास दोष देता येत नाही. दोष येतो तो देणे शक्य असूनही न दिलेल्या गोष्टीबद्दल. सायंकाळी घरी परतल्यावर वर्तमानपत्र उघडून, मोतीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून, मी जो तास घालवीत असे, तो माझ्या हातचा होता.

हल्ली घराची एक किल्ली आप्पांकडे असते. दुपारी मोती तासभर त्यांच्या ओट्यावर असतो; कोण कोणाची करमणूक करतो हे मी विचारीत नाही. ह्याने प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. उरलेले तास मोती दाराकडे तोंड करून निजतो, हे आप्पांनीच मला सांगितले. मी फक्त सायंकाळी वर्तमानपत्र उघडीत नाही. आणि रात्री परत निघताना आप्पांच्या मुलाने एकदा तरी आमच्याबरोबर ओट्यावर बसावे, म्हणून गाडीत त्याच्याशी हा विषय काढावा की काढू नये, ह्याचा विचार करीत असतो.