चाक आणि वर्षावास

पावसाळ्यात अरण्यातून हिंडावे की हिंडू नये, हा प्रश्न आज वनखात्याच्या परवान्यापुरता उरला आहे. परंतु भारतातील श्रमण परंपरांनी, म्हणजे घरदार सोडून भटकणाऱ्या बौद्ध, जैन आदी भिक्षूंच्या परंपरांनी, तो धर्माचा प्रश्न म्हणून हाताळला आणि त्याचे उत्तर नियमाच्या रूपाने दिले. हा प्रश्न नव्याने विचारण्याचे कारण एक वाहन आहे. रुंद, खाचदार टायरची, पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल, जिला तिचे स्वार ‘एमटीबी’ म्हणतात, ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्याच्या डोंगरउतारांवर घडत गेली, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून तिच्या शर्यतींना तेथे स्थान मिळाले आणि गेल्या काही वर्षांत ती सह्याद्रीच्या मातीच्या वाटांवरही रुळली. गिरगावासारख्या दाट वस्तीत, जिथे सायकल जिन्याखाली किंवा चाळीच्या गॅलरीत उभी करावी लागते, तिथल्या स्वाराला मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता पुरेनासा झाला की त्याच्या मनात बोरिवलीचे आणि येऊरचे रान येते, आणि तेही विशेषतः पावसाळ्यात, कारण त्याच दिवसांत रान हिरवे असते, हवा थंड असते आणि चिखलात चाक सांभाळण्याची कसोटी लागते.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या पोटातील तुळशी तलावाच्या बाजूने दहिसर नदी निघते आणि झाडीने भरलेल्या खोऱ्यातून पश्चिमेकडे खाडीला जाते. याच रानात कान्हेरीची शंभरावर बौद्ध लेणी आहेत, जिथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे भिक्षूंची वस्ती होती. अरण्यातून कसे वावरावे याचा विचार करणाऱ्या माणसांनी इतका दीर्घकाळ वास केलेले दुसरे रान मुंबईच्या परिसरात नाही. म्हणून सायकलच्या प्रश्नाचा विचार याच रानाच्या साक्षीने होणे उचित ठरते.

विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहाच्या, ‘महावग्ग’ या भागात वर्षावासाच्या नियमाची हकीकत आली आहे. पावसाळ्यातही भिक्षू गावोगाव फिरतात, हिरवे गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांना म्हणजे वनस्पतींना पीडा देतात आणि लहानसहान प्राण्यांचा घात करतात, अशी तक्रार लोकांनीच केली. इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पक्षीसुद्धा घरटी बांधून थांबतात, मग यांनाच काय झाले, असा त्या तक्रारीचा सूर होता. त्यावर बुद्धांनी आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. परळला बहुजन विहार उभारणारे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे पालि वाङ्मय मराठी वाचकाच्या हाती आले. तरी या नियमाचे एक वैशिष्ट्य अजूनही पुरेसे लक्षात घेतले जात नाही. बौद्ध मतानुसार कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत असते, आणि गवत तुडवणाऱ्या भिक्षूचा हेतू काही वाईट नव्हता. तरीही त्याला थांबवण्यात आले, कारण हेतू शुद्ध असला तरी पायाखालचे गवत मरतच होते. हेतूला इतके महत्त्व देणाऱ्या परंपरेने येथे परिणामाला मान दिला, ही गोष्ट मोठी आहे.

थांबण्यालाही खर्च असतो, आणि तो समाजाने उचलला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा, वर्ष ४२ चा उल्लेख असलेला, शिलालेख आहे. त्यात ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे आणि तिच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी १२ कार्षापण देण्याची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. भिक्षूंनी रानातून फिरू नये म्हणून कारागिरांच्या संस्था आणि राजघराणे यांनी मिळून पैशांची तजवीज करावी, इतका तो नियम लोकांच्या जीवनात मुरलेला होता.

कान्हेरीच्या खडकात जागोजागी बोटभर किंवा वीतभर रुंदीचे पन्हळ कोरलेले दिसतात, ज्यांतून कातळावर पडलेले पावसाचे पाणी लेण्याशेजारच्या टाक्यात उतरते. पाण्याचा वेग मोडायचा आणि ते साठवायचे, हे त्या कोरीव रेषेचे काम. ओल्या उतारावर सायकलचे चाकही एक रेषा कोरते. पावलाचा ठसा सुटा असतो, त्यात पाणी साचते आणि मुरते. चाकाचा ठसा सलग असतो, विशेषतः वळणापूर्वी ब्रेक दाबून चाक घसरवले की टायरच्या खाचा माती उचलून खोलगट चर पाडतात, आणि उताराच्या दिशेने गेलेला चर पहिल्याच जोरदार सरीत ओहोळ बनतो. मुंबईत वर्षभराचा बहुतेक पाऊस, म्हणजे दोन हजार मिलिमीटरहून अधिक, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. काळ्या कातळावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीसारख्या झुडपांची मुळे तो धरून ठेवतात. तेव्हा भर पावसात पडलेला चर त्याच पावसात रुंदावत जातो.

येथे सायकलच्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. विल्सन आणि सीनी या संशोधकांनी अमेरिकेतील माँटाना राज्याच्या डोंगरवाटांवर केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भिजवलेल्या वाटेवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केल्याचे आढळले. तो निष्कर्ष सह्याद्रीच्या मुसळधार पावसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, पण चाक पापी आणि पाऊल निष्पाप अशी सोपी विभागणी त्यामुळे टिकत नाही. ती टिकण्याची गरजही नाही, कारण बुद्धांनी ज्यांना थांबवले ते सारे पायीच चालत होते.

मग चाकाचा वेगळा प्रश्न उरतो कुठे? त्याचे उत्तर जैन आचारशास्त्रात सापडते. गिरगाव, भुलेश्वर, वाळकेश्वर या भागांतील उपाश्रयांत, म्हणजे साधूंच्या निवासस्थानांत, आजही जैन साधू-साध्वी चातुर्मासाचे चार महिने मुक्काम करतात, आणि उरलेल्या आठ महिन्यांत विहार करताना ‘ईर्यासमिती’ पाळतात. ईर्यासमिती म्हणजे समोरची सुमारे चार हात जमीन नजरेने निरखत, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने चालणे. जैन विचारात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे: सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव मेला तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही, आणि बेसावधपणे चालणाऱ्याच्या हातून काहीच मेले नाही तरी तो दोष लागतो. आता ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर अंतर तोडते. चार हात जमीन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मागे पडते, आणि डोळ्याने पाहून बोटांनी ब्रेक दाबायला त्याहून अधिक वेळ लागतो. गोगलगाय, वाणी, खेकड्याचे पिल्लू, पानाच्या रंगाचा बेडूक, म्हणजे नेमके पावसातच वाटेवर येणारे जीव, स्वाराला दिसले तरी वाचवता येत नाहीत. ईर्यासमिती त्या वेगाला शरीरतःच अशक्य आहे.

यावर स्वारांचे म्हणणे असे असते की उतारावर जितकी एकाग्रता लागते तितकी जपमाळ ओढतानाही लागत नाही. मन इकडे-तिकडे गेले की माणूस पडतो, म्हणून ही एक प्रकारची ध्यानसाधनाच आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आदराने ऐकले पाहिजे, कारण शहरी माणसाच्या विखुरलेल्या चित्ताला असा एकजीव अनुभव क्वचितच मिळतो. तथापि अभिधम्माच्या, म्हणजे बौद्ध मानसशास्त्राच्या, मांडणीत ‘एकग्गता’ ही चित्ताची एकाग्रता प्रत्येक चित्तात असते, अकुशल चित्तातही असते; नेम धरणारा शिकारी एकाग्रच असतो. स्वाराची एकाग्रता स्वतःचा तोल राखण्यासाठी असते, साधूची नजर दुसऱ्याचा जीव राखण्यासाठी, आणि या दोहोंना एकच नाव देणे न्याय्य होणार नाही.

मराठी वाचकाच्या मनात याहून बळकट आक्षेप येईल. महाराष्ट्राचा सर्वांत मोठा धर्माचार म्हणजे वारी, आणि ती आषाढाच्या तोंडावर, पावसातच चालते. परंतु वारी राजमार्गाने, गावांमधून जाते, आणि ती जिथे पोचते त्या आषाढी एकादशीलाच चातुर्मास सुरू होतो. शिवाय वारकऱ्यांच्या मुख्य ग्रंथात, ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेवांनी अहिंसक पुरुषाच्या चालण्यावर अत्यंत कोवळ्या उपमांची मालिकाच रचली आहे. त्या ओव्या वाचणाऱ्याला पायांची हळुवारता हा भक्तीचाच भाग वाटू लागतो.

नियमाला अपवाद असावेत, हेही विनयाने ओळखले होते. आईवडील आजारी असले किंवा कोणी निकडीने बोलावले तर भिक्षूला सात दिवसांपर्यंत वर्षावास सोडून जाता येत असे. राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर राहणारे, वाघोबाला देव मानणारे वारली त्या वाटांनी घरी जातात आणि वनरक्षक गस्त घालतात. त्यांचे चालणे निकडीचे आहे. हौसेसाठी जाणाऱ्याला ती सवलत मागता येणार नाही. हिवाळ्यात, माती घट्ट झाल्यावर, जिथे परवानगी आहे तिथे, पुढचे दिसेल इतक्या वेगाने सायकल चालवण्यात दोष काढण्याचे कारण नाही.

गिरगावात चातुर्मास आला की अनेक घरांतून कांदा-लसूण बंद होतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी आवडीचा पदार्थ सोडतो. त्याच घरांतील स्वारांनी आषाढी ते कार्तिकी या काळात मातीच्या वाटेवर चाक घालणे सोडावे. कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो.