आकाशाचे गायरान

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्ताच्या वेळी घटकाभर बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना तेथील शांतता म्हणजे निव्वळ ध्वनीचा अभाव नव्हे, हे सांगावयास नको. दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याचा घोष, कपारींकडे परतणाऱ्या पाकोळ्यांचे चीत्कार, क्वचित एखादा सुटा दगड गडगडत गेल्याचा दीर्घ प्रतिध्वनी, हे सारे त्या शांततेचेच घटक होत. कारण ते त्या स्थळाच्या अंगचे आहेत. गतवर्षी मार्गशीर्षातील एका सायंकाळी आम्ही वीस-पंचवीस परस्परांस अपरिचित माणसे मौन धारण करून तेथे बसलो असता एका तरुणाने आपले ड्रोन कड्याबाहेर सोडले, आणि पुढे कितीतरी वेळ त्या कर्कश गुणगुणण्यावाचून दुसरे काही ऐकू येईनासे झाले. कोणी हटकले तेव्हा तो निर्मळ मनाने म्हणाला, "मी कोणाच्या जागेत कुठे शिरलोय? आकाश तर सगळ्यांचंच आहे!"

त्याचे उत्तर मला उद्धट वाटले नाही. ते अपुरे वाटले. आपल्या गावगाड्यात गायरानही सगळ्यांचेच असे, आणि म्हणूनच तेथे गुरे चारण्याची मुभा प्रत्येकास होती व नांगर धरण्याची मुभा कोणासच नव्हती. जे सर्वांचे, त्याचा उपभोग दुसऱ्याचा उपभोग न मोडता घ्यावयाचा, हीच सामाईक वहिवाटीची पहिली अट आहे. कड्यावर बसलेले वीस लोक एकाच शांततेचा उपभोग घेऊ शकतात आणि एकविसावा आला तरी ती कमी होत नाही. परंतु एकाने यंत्र उडविताच ती बाकीच्या साऱ्यांपुरती संपते.

आकाश कोणाचे, हा प्रश्न न्यायासनापुढेही आलेला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉस्बी नामक कुक्कुटपालकाच्या आवारावरून लष्करी विमाने इतक्या खालून जाऊ लागली की, भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरू लागल्या. तेव्हा १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, जमिनीची मालकी अनंत आकाशापर्यंत पोहोचते हा जुना सिद्धांत अमान्य करूनही, जमिनीलगतच्या आकाशावर जमीनधारकाचा हक्क असतो, असा निर्णय दिला. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडले, हिरव्या विभागात सामान्यतः ४०० फुटांची मर्यादा घातली आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राच्या चालकास प्रमाणपत्राची अट माफ केली. ही हद्दबंदी आवश्यकच आहे. तथापि वजन आणि उंची यांच्या मापात न बसणारा उपद्रव पुष्कळ उरतो. वाऱ्यात स्थिर राहण्यासाठी या यंत्राचे इवलेसे पंखे क्षणोक्षणी गती बदलतात, त्यामुळे त्याचा स्वरही अखंड हेलकावत राहतो, आणि ओढ्याच्या खळखळाटाप्रमाणे कानाला तो अंगवळणी पडत नाही. शिवाय ऐकणारे केवळ मनुष्यच नसतात. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर आग्यामोहोळे लटकलेली असतात. नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या ठिकाणी गिधाडांची घरटी असतात. गुरांना पूर्वी दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने या पक्ष्यांचा जवळजवळ निर्वंश केला, आणि जी जोडपी उरली ती वर्षाकाठी एकच अंडे घालतात; घरट्यासमोर तरंगणाऱ्या यंत्राने ते जोडपे उठून गेले, तर त्या वर्षाचा सारा वंशविस्तार एका चित्रफितीपायी धोक्यात येतो.

यंत्राविषयी माझ्या मनात आकस नाही. स्वामित्व योजनेत याच यंत्राने गावठाणांची मोजणी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदावाचून राहिलेल्या घरांना सनद मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जो गड पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढूनही एका दृष्टिक्षेपात सापडत नाही, त्याची तटबंदी वरून पाहताना मीही हरखलो आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ पासून हौशी ड्रोनांना सरसकट मज्जाव केला, तसा प्रसंग आपल्या गडांवर येऊ नये, असेच मला वाटते. परंतु जेथे आचार उगवत नाही तेथे मनाई हुकूम येतोच, आणि त्यात विवेकी माणसाचीही मुभा जाते.

तो आचार आपल्याला नवा शिकावा लागणार नाही. परक्याच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी खाकरण्याची रीत आपल्या घराघरांत होती. आतल्या माणसांना सावरण्यास अवसर मिळावा, एवढाच तिचा हेतू. वरून येणाऱ्या यंत्राला दार लागत नाही, म्हणून ते उडविणाऱ्यावर खाकरण्याचे कर्तव्य अधिकच येते. आधी येऊन बसलेल्यांना विचारावे. वाडीच्या अंगणावरून, नदीवरच्या धुण्याच्या घाटावरून, चरत्या गुरांवरून यंत्र नेऊ नये. विणीच्या काळात कड्यांपासून दूर राहावे. एकदाच, थोडा वेळ उडवून खाली घ्यावे. आणि एकानेही हरकत घेतली तर वाद न घालता उतरवावे.

त्या सायंकाळी अखेर पाचनईचा एक वृद्ध, जो वर चहाचे छप्पर चालवितो, तरुणाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "दादा, जरा खाली घ्या. पाखरं घराकडं आल्यात, त्यांना कड्यात शिरता येईना." मालकी, नियम, परवाना यांपैकी एकाचाही त्याने उच्चार केला नाही. तरुणाने मान वर करून पाहिले. पाकोळ्यांचा थवा कपारीपासून दूर, अंधारत्या आकाशात घिरट्या घालीत होता. त्याने यंत्र उतरविले. थोड्या वेळाने एकेक पाकोळी कड्यात शिरू लागली, आणि दरीतला वारा पुन्हा ऐकू येऊ लागला.